गॅलरीतला वसंत : वाचकांचे प्रश्न

फाल्गुन सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा एकदम जाड होतो. वर्षभर ज्यांचे पक्ष्यांकडे किंवा किड्यांकडे फारसे लक्ष नसते, अशा वाचकांच्याही दाराशी या दिवसांत कोणीतरी घरटे बांधते, कोणीतरी पहाटे चार वाजता ओरडू लागते, नाहीतर कढीपत्त्याची पाने रातोरात नाहीशी होतात. यंदाची पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली, ती अशी की, निम्म्याहून अधिक वाचकांना काहीतरी बिघडले आहे असे वाटते आणि ते कसे दुरुस्त करावे हे त्यांना विचारायचे असते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांत काहीच बिघडलेले नाही. ज्या थोड्या पत्रांत खरोखर बिघडले आहे, तेथे ते माणसाने बिघडवलेले आहे.

प्रश्न : आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले असून त्यात तीन अंडी आहेत. सासूबाई म्हणतात, कोणी हात लावू नका. मुलगा मात्र दिवसातून चार वेळा स्टुलावर चढून फोटो काढतो. पाणी घालणे थांबवल्यामुळे रोप वाळू लागले आहे. घरटे अलगद उचलून शेजारच्या कुंडीत ठेवता येईल का? (वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : घरटे हलवू नका, अगदी हातभरही नाही. बुलबुलाची जोडी घरट्याची जागा नेमकेपणाने ओळखते, आणि अंड्यांच्या काळात ती जागा बदलली तर घरटे सोडून दिले जाण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय वन्यपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकारी'च्या व्याख्येत येणारा प्रकार आहे, हेही आपल्याला माहीत असावे. सासूबाईंचे म्हणणे तंतोतंत पाळावे.

रोप वाचवणे मात्र कठीण नाही. अंडी उबवणारी मादी दिवसातून अनेकदा खाण्यासाठी उठते. ती उडून गेलेली पाहून, लांब नळीच्या झारीने कुंडीच्या कडेकडेने, घरट्याच्या विरुद्ध बाजूस, थोडेसे पाणी सोडावे. दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे. हे काम एका मिनिटात उरकून आपण आत यावे आणि दार लावून घ्यावे.

चिरंजीवांच्या स्टुलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यंदा अशी पत्रे पाच आली आहेत. पहिल्या आठवड्यात, म्हणजे अंडी नुकतीच घातलेली असताना, पक्षी घरटे सोडून जाण्यास सर्वांत लवकर तयार होतात. त्यांनी त्या घरट्यावर अजून फारशी मेहनत खर्च केलेली नसते. पिल्ले निघाल्यावर तेच पक्षी आपल्या डोक्याशी येऊन कलकलाट करतात, पण घरटे सोडत नाहीत. दुसरे असे की, आपण वारंवार जेथे डोकावतो तेथे कावळाही डोकावतो. समोरच्या तारेवर बसलेला कावळा आपल्या हालचालींवर बारीक लक्ष ठेवून असतो, आणि या बाबतीत त्याचा गुरू आपणच असतो. तेव्हा फोटो घरातून, खिडकीच्या काचेआडून आणि फ्लॅश न वापरता काढावेत.

आता पुढे काय दिसेल ते सांगतो, म्हणजे मुलाला स्टुलाची गरज उरणार नाही. अंडी फिकट गुलाबी असून त्यांवर तांबूस ठिपक्यांची दाटी असेल. ती साधारण 13-14 दिवसांत उबतील. बाहेर येणारी पिल्ले उघडी-वाघडी, डोळे मिटलेली, केवळ एक मोठे तोंड असलेली असतील. सुरुवातीस आईबाप त्यांना मऊ अळ्या आणि कीटक भरवतील. काही दिवसांनी फळांचे तुकडे येऊ लागतील. भरवल्यानंतर पिल्लू मागे वळते आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा टाकते. ती पिशवी आई चोचीत धरून लांब नेऊन टाकते, किंवा पहिल्या दिवसांत सरळ गिळून टाकते. घरट्याची स्वच्छता ही अशी राखली जाते. सुमारे 12 दिवसांनी पिल्ले घरट्याबाहेर पडतील, आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नसेल. त्या दिवशी मला पुन्हा पत्र लिहू नका, त्याचे उत्तर याच अंकात पुढे दिले आहे.

एक गोष्ट मन घट्ट करून वाचावी. बुलबुलाची पुष्कळ घरटी शेवटपर्यंत टिकत नाहीत. कावळा, मांजर, सरडा यांपैकी कोणीतरी एखाद्या दुपारी येऊन जातो. ज्याचे दर्शन आपल्याकडे शुभ मानतात आणि जो दिसला की आजी हात जोडते, तो भारद्वाजही अंडी आणि पिल्ले आवडीने खातो. असे घडले तर स्वतःला दोष देऊ नये. ती जोडी बहुधा त्याच हंगामात दुसरे घरटे करते.

प्रश्न : आमच्या इमारतीमागील आंब्यावर कोकिळा पहाटे साडेतीनपासून ओरडते. काव्यात ती गोड वाटते. प्रत्यक्षात आम्हा दोघा वृद्धांची झोप उडाली आहे. त्यातच गेल्या आठवड्यापासून फाटकाशी कावळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर चोच मारतात. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का? (ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : संबंध आहे, आणि तो आपण अचूक हेरलात याबद्दल आपले कौतुक वाटते.

प्रथम एक दुरुस्ती. जो ओरडतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली असून तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा तुटक आणि कर्कश असतो. आपण उत्तम गायिकेला गानकोकिळा म्हणतो, परंतु निसर्गात गाणे पूर्णपणे पुरुषमंडळींकडे आहे. दुसरा समज असा की, कोकीळ वसंतात कोठून तरी येतो. तो बहुधा हिवाळ्यातही आपल्या परिसरातच असतो. केवळ गप्प असतो, म्हणून दिसत नाही. काळ्या पक्ष्याला दाट पानांत शोधायचे तर आवाजाशिवाय दुसरा मार्ग नसतो.

या ओरडण्याचे कारण कावळ्याचे घरटे हे आहे. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. त्यामुळे तिचा विणीचा हंगाम कावळ्याच्या हंगामाशी जुळवून घेतलेला आहे, आणि आपल्याकडे कावळे मुख्यतः एप्रिल ते जून या काळात घरटी करतात. अनेकदा नर मुद्दाम घरट्याजवळ जाऊन ओरडतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी काम उरकते. हिरवट-राखी रंगावर तपकिरी ठिपके असलेले तिचे अंडे कावळ्याच्या अंड्याशी मिळतेजुळते, फक्त आकाराने लहान असते. ते कावळ्याच्या अंड्यांपेक्षा दोन-तीन दिवस आधी उबते, त्यामुळे पिल्लाला पहिल्या घासाचा मान मिळतो. युरोपातील कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलते. आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा तसे करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. घरट्यात गर्दी होते आणि हाल कावळ्याच्या पिल्लांचे होतात, हे खरे.

आपल्या झोपेचा प्रश्न सोपा नाही. विणीच्या दिवसांत कोकीळ चांदण्या रात्रीही ओरडतो. शहरांतील प्रखर दिव्यांमुळे पक्ष्यांचे पहाटेचे गाणे लवकर सुरू होते, असे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. आंब्यावर प्रकाश टाकणारा एखादा हॅलोजन दिवा सोसायटीत असेल, तर तो रात्री 11 नंतर बंद ठेवण्याचा प्रस्ताव मांडून पाहावा. दगड मारणे, फटाके वाजवणे याचा उपयोग शून्य. पाऊस स्थिरावला आणि कावळ्यांची वीण आटोपली की हा गळा आपोआप बसतो.

राहता राहिला फाटकाजवळचा हल्ला. त्या झाडावर कावळ्यांचे घरटे आहे आणि पिल्ले मोठी झाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मान वर करून पाहिलेत तर घरट्यात काटक्यांबरोबर गंजलेल्या तारा, कपडे वाळत घालायचे हँगर, कदाचित एखाद्या जुन्या चष्म्याची काडीही सापडेल. शहरी कावळ्याचे बांधकाम असे आरसीसीचे असते. हा राग दोन-तीन आठवड्यांचा आहे. तोवर उघडी छत्री घेऊन फाटक ओलांडावे. कावळे प्रायः पाठीमागून येतात, समोरून पाहणाऱ्या माणसाला ते बिचकतात. दुपारच्या उन्हात छत्री तशीही लागतेच.

प्रश्न : कढीपत्त्याच्या रोपावर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काहीतरी पडलेले दिसले. जवळून पाहिले तर ते चालत होते. आता मोठ्या हिरव्या अळ्या झाल्या असून रोपाच्या नुसत्या काड्या उरल्या आहेत. गुलाबाच्या पानांनाही कोणीतरी कात्रीने कापल्यासारखे गोल खाचे पाडले आहेत. कोणते औषध फवारावे? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन्हींसाठी एकच उत्तर आहे : कोणतेही नाही. कारणे मात्र वेगळी आहेत.

कढीपत्त्यावरील अळ्या लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या आहेत. लिंबू, बेल आणि कढीपत्ता ही तिन्ही झाडे एकाच कुळातील असल्यामुळे या फुलपाखरांना ती तिन्ही चालतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून 2015 मध्ये ज्याची निवड झाली, ते काळ्या मखमलीवर निळी झाक असलेले 'ब्लू मॉरमॉन' म्हणजेच राणी पाकोळी हेही याच कुळातील झाडांवर अंडी घालते; मात्र शहरातील कुंड्यांवर बहुधा त्याची लहान भावंडे सापडतात. मादी कोवळ्या पानावर मोहरीहूनही लहान, पिवळसर, गोल अंडे एकेक करून घालते. त्यातून निघालेली अळी काळी-पांढरी असते आणि हुबेहूब विष्ठेसारखी दिसते, कारण पानावर पडलेली विष्ठा पक्षी सहसा खात नाहीत. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते.

आता एक प्रयोग करून पाहा. गवताच्या काडीने त्या हिरव्या अळीच्या पाठीवर अगदी हळू स्पर्श करा. डोक्यामागून दोन तांबूस, ओलसर शिंगे सर्रकन बाहेर येतील आणि आंबलेल्या लिंबासारखा उग्र वास पसरेल. मुंग्या आणि छोट्या शत्रूंना पळवण्याचे हे तिचे हत्यार आहे; काही क्षणांतच शिंगे आत ओढली जातील. माझ्या नातवाने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो ओरडून मागे सरकला आणि लगेच दुसरी काडी शोधू लागला. एका अळीला एकदाच त्रास द्यावा, ही अट मला तेव्हा घालावी लागली.

थोड्याच दिवसांत अळी खाणे बंद करील, रोपावरून उतरून एखाद्या काडीवर किंवा कुंडीमागच्या भिंतीवर जाईल, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून त्याच्या आधाराने ओणवी राहील आणि कोष करील. हिरव्या काडीवरचा कोष हिरवा, तर सुक्या काडीवरचा किंवा भिंतीवरचा तपकिरी असतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे. कढीपत्त्याला काही होत नाही. पावसाआधी छाटणी होते तशीच ही छाटणी समजावी, महिन्याभरात नवी फूट येते. भाजीपुरता कढीपत्ता हवा असेल, तर दुसरे रोप लावावे आणि त्यावरच्या अळ्या उचलून पहिल्यावर ठेवाव्यात. दुसऱ्या कुळातील झाडावर ठेवल्यास त्या उपाशी मरतील.

गुलाबाची पाने कापणारी एक एकटी राहणारी मधमाशी आहे. ती पान खात नाही. पानाच्या कडेवर बसून ती जबड्याने गोलाकार कापत जाते, चार-पाच सेकंदांत तुकडा सुटतो, तो पोटाखाली गुंडाळून पायांत धरून ती उडते आणि भिंतीतले भोक, पोकळ बांबू, क्वचित वापरात नसलेल्या कुलपाचे छिद्र अशा जागी त्या तुकड्यांची नळकांडी रचते. प्रत्येक नळकांड्यात पराग आणि मध यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घातले की ती तोंड बंद करते. पराग ती पायांवर नव्हे, तर पोटाच्या खालच्या केसांवर वाहते, म्हणून फुलावर असताना तिचे पोट पिवळे दिसते. तिचे मोहोळ नसते, ती अंगावर धावून येत नाही आणि वांगी, तूर, भोपळा अशा झाडांच्या परागीभवनात अशा एकट्या माश्यांचा वाटा मोठा असतो. गुलाबाचे प्रदर्शन भरवायचे नसेल, तर त्या खाचा मिरवाव्यात.

प्रश्न : दयाळ पक्षी रोज सकाळी माझ्या मोटारीच्या आरशावर झडप घालतो आणि दार घाण करून जातो. तो आजारी आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो ठणठणीत आहे. मार्च ते जून या काळात दयाळाचा नर आपली हद्द राखतो आणि आरशातील नराला हाकलण्याचा प्रयत्न करतो. तो नर मात्र कितीही मारले तरी जात नाही. बुलबुल, शिंजीर आणि धोबी हे पक्षीही असेच वागतात. गाडी उभी केल्यावर दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवावेत. खिडकीच्या काचेबाबत हा त्रास असेल, तर काच बाहेरून झाकावी, आतील पडद्याने प्रतिबिंब अधिकच गडद होते.

प्रश्न : जिन्याखाली पक्ष्याचे पिल्लू बसलेले आढळले. माझ्या मुलींनी ते खोक्यात घालून घरी आणले आहे, ड्रॉपरने दूध देत आहोत. माणसाचा हात लागल्यामुळे आई आता घेणार नाही, असे शेजारचे काका म्हणतात. (वाचक भगिनी, पिंपरी)

उत्तर : आपले पत्र हाती येईपर्यंत आठवडा गेलेला असतो, म्हणून हे उत्तर पुढच्या पिल्लासाठी आहे असे समजावे.

दूध देऊ नये. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि ड्रॉपरने चोचीत सोडलेला कोणताही द्रव श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरण्याचा धोका असतो. काकांचे म्हणणे सर्वत्र ऐकू येते, परंतु ते खरे नाही. हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

पिल्लाला पिसे आली आहेत का, एवढे पाहावे. पिसे आलेली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते दोन पायांवर उभे राहून टुणटुण उड्या मारत असेल, तर ते हरवलेले नाही, ते शिकते आहे. आईबाप जवळच असतात आणि आपण निघून जाण्याची वाट पाहत असतात. त्याला मांजराच्या किंवा चाकांच्या वाटेतून उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि लांबून तासभर लक्ष ठेवावे. चोचीत अळी घेतलेला मोठा पक्षी आला की आपले काम संपले. पिसे नसलेले उघडे पिल्लू असेल, तर घरटे शोधून त्यात परत ठेवावे; घरटे तुटले असेल तर तळाला छिद्रे पाडलेली छोटी टोपली सुके गवत घालून त्याच फांदीला बांधावी. जखमी असेल, मांजराने धरलेले असेल, तरच खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाशी किंवा आपल्या शहरातील वन्यप्राणी उपचार केंद्राशी संपर्क साधावा. मांजराच्या दाताची जखम बारीक दिसली तरी ती विषारी ठरते.

मुलींना रागावू नये. खोके आणणारी मुले पुढे वही आणतात.

प्रश्न : मी सहावीत आहे. मी पुठ्ठ्याचे घरटे बनवून चिमणीसाठी लावले, पण दोन महिने झाले तरी चिमणी आली नाही. माझे काय चुकले? (विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उत्तर : तुझी मेहनत वाया गेलेली नाही, फक्त पुठ्ठ्याऐवजी लाकूड वापरावे लागेल. उन्हात पुठ्ठ्याची पेटी आतून फार तापते. पेटीचे भोक 32 मिलिमीटरच्या आसपास असावे; त्याहून मोठे असेल तर साळुंकी घर बळकावते. पेटी आठ-दहा फुटांवर, सावलीत, पंखा आणि मांजर यांच्यापासून दूर लाव आणि मग विसरून जा. चिमण्यांना एखादी जागा पटायला कधीकधी वर्षही लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. मोठी चिमणी दाणे खात असली, तरी आपल्या पिल्लांना ती सुरुवातीला मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. म्हणून पेटीइतकेच महत्त्व शेजारच्या मेंदीच्या कुंपणाला, लिंबाच्या झाडाला आणि न फवारलेल्या बागेला आहे. तू 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा केला असशील. तो दिवस 2010 मध्ये सुरू झाला आणि त्याची कल्पना तुझ्या जिल्ह्याच्या शेजारच्या नाशिकमधून निघाली.

प्रश्न : सोसायटीच्या आवारातील काटेसावर तोडावी, असा ठराव येत आहे. तिचा कापूस घराघरांत उडतो, त्याने दमा होतो आणि फुलांचा चिखल होऊन लोक घसरतात, असे सभासदांचे म्हणणे आहे. मी एकटाच विरोधात आहे. मला मुद्दे हवे आहेत. (वाचक, पुणे)

उत्तर : आधी कायदा. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडे 1975च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतात. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय केवळ सोसायटीच्या ठरावावर सावर तोडता येत नाही. हे सभेत शांतपणे सांगावे.

मग दम्याचा मुद्दा. हवेतून पसरणारे परागकण त्रासदायक असतात. सावरीचे परागकण मात्र वाऱ्यावर उडण्यासाठी बनलेलेच नाहीत. ते पक्ष्यांच्या कपाळावर आणि वटवाघळांच्या अंगावर चिकटून जातात. एप्रिल-मेमध्ये उडतो तो कापूस म्हणजे बोंडातील बियांभोवतीचे तंतू. ते नाकात गेले तर शिंका येतील हे मान्य, आणि ज्यांना दमा आहे त्यांनी ते दोन-तीन आठवडे खिडकीला जाळी लावावी. त्यासाठी झाड तोडणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे होय.

मात्र माझ्या अनुभवात कायद्याने आणि युक्तिवादाने सभासद बधत नाहीत, पाहण्याने बधतात. पुढील फुलोऱ्यात, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्च या काळात, एका रविवारी सकाळी सात वाजता सभासदांना मुलाबाळांसह गच्चीवर चहाला बोलवावे. पाने पूर्ण झडलेली असतात, त्यामुळे लपायला कोणालाच जागा नसते आणि नवख्या माणसालाही सर्व काही दिसते. प्रत्येक फूल म्हणजे जाड पाकळ्यांची, मधाने भरलेली वाटी. आधी साळुंक्या आणि बुलबुल येतात, मग कावळे; कोतवाल मधही पितो आणि मधासाठी आलेल्या माश्याही टिपतो; खारी फुलात तोंड खुपसून बसतात आणि मान बाहेर काढतात तेव्हा त्यांच्या मिशा पिवळ्या झालेल्या असतात. एवढ्यात गुलाबी-काळ्या भोरड्यांचा थवा उतरला तर चहा थंड होईल. हे पाहुणे मध्य आशियाकडून आपल्याकडे हिवाळ्यासाठी येतात आणि एप्रिलपर्यंत परत फिरतात; सावर, पळस आणि पांगारा ही त्यांची निघण्यापूर्वीची शिदोरी. अंधार पडल्यावर त्याच फुलांवर वटवाघळे येतात.

ज्या कापसाची तक्रार आहे, त्याचाही हिशेब सभेपुढे ठेवावा. जांभळ्या शिंजिराची मादी तारेला किंवा बोगनवेलीच्या टोकाला लोंबणारे घरटे विणते. कोळिष्टकांचा दोर, त्यात गुंतवलेल्या सालींच्या चिंध्या, वाळलेल्या पानांचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असा बाहेरून कचऱ्याचा झुबका, आणि बाजूच्या दारावर पावसाळी छज्जा. नर चकाकत्या जांभळ्या अंगरख्यात शेजारी बसून गातो, बांधकामाला हात लावत नाही. आतील गादीसाठी मादी मऊ तंतू शोधत असते, आणि सावर नेमकी त्याच दिवसांत कापूस सोडते. आपल्या गॅलरीत अडकलेला पुंजका झाडूने लोटण्यापूर्वी दोन दिवस तसाच ठेवून पाहावा. मी ठेवला होता. तिसऱ्या सकाळी मादी आली, आपल्या डोक्याएवढा कापूस चोचीत धरून मागे मागे पंख मारत तो सोडवू लागली, आणि कापूस इतका मोठा होता की उडताना तो स्वतःच उडत असल्यासारखा दिसत होता.

फुलांचा चिखल होतो, हे मात्र खरे आहे. सहा आठवडे सकाळी झाडलोट करावी लागेल. विरोध करणाऱ्याने झाडू हाती धरला तर ठराव मागे पडतो, असा एका सोसायटीचा दाखला माझ्यापाशी आहे.

प्रश्न : पाण्याचे भांडे कसे ठेवावे? धान्यही ठेवावे का? (वाचक, नागपूर)

उत्तर : नागपूरच्या उन्हात पाणी ठेवणे हे खरे काम. मातीचे पसरट परळ, एक-दीड इंच पाणी, मध्ये खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. भांडे सावलीत ठेवावे, आणि मांजराला दबा धरता येईल अशी झुडपे भांड्याला लागून नसावीत. पाणी रोज बदलावे आणि परळ नारळाच्या शेंडीने घासावे. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास होतात. धान्य ठेवू नये. धान्याला प्रामुख्याने पारवे जमतात, त्यांची संख्या वाढते, आणि त्यांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांच्या गंभीर विकाराला कारण ठरू शकते.

प्रश्न : यंदा निवृत्त झालो. दुर्बीण नाही, पक्ष्यांची नावे येत नाहीत, गुडघ्यांमुळे टेकडी चढता येत नाही. नोंदवही सुरू करावयाची तर कोठून करू? (वाचक, सोलापूर)

उत्तर : खुर्चीपासून करावी. एकच जागा, शक्यतो एकच वेळ, रोज पंधरा मिनिटे. तारीख, वेळ, काय दिसले, किती दिसले आणि ते काय करत होते, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. चुकीच्या नावापेक्षा बरोबर वर्णन मोलाचे. समोरची दोन झाडेही नोंदीत घ्यावीत. आपला वसंत मोठा गमतीचा आहे : त्यात पानगळ आणि पालवी एकाच वेळी चालते, पिंपळ आठवड्याभरात ओकाबोका होऊन तांबूस पालवीने पुन्हा भरतो आणि कडुनिंब पाने झाडत असतानाच फुलू लागतो. हे कधी घडले याची तारीख पंचांगात सापडणार नाही, ती आपल्या वहीतच सापडेल.

नमुना म्हणून माझ्या वहीतील एकाच पक्ष्याच्या नोंदी देतो. हा तांबट : चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि 'पुक्-पुक्-पुक्' असा न थकणारा ठोका. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीतून, म्हणजे तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांच्या गल्लीतून, गेलेल्या माणसाला या पक्ष्याचे नाव समजावून सांगावे लागत नाही.

"2 मार्च, सकाळी 7.10. शेवग्याच्या वाळलेल्या फांदीच्या खालच्या बाजूस तांबट चोच मारत आहे. रुपयाएवढी खूण. 5 मार्च. डोके आत जाते. भुसा चोचीतून बाहेर फेकतो, खाली कुंडीत पडतो. 9 मार्च. दोघे आळीपाळीने. आतला बाहेर येईपर्यंत दुसरा थांबतो. आता फक्त शेपटी दिसते. 13 मार्च. काहीच दिसत नाही. फांदीतून ठोके ऐकू येतात. 14 मार्च. माळी शेवगा छाटायला आला. त्याला चहा दिला, फांदी दाखवली. म्हणाला, 'आधी सांगायचं ना, साहेब.' बाकीचा शेवगा छाटला, ती फांदी ठेवली."